दुर्मिळ नाण्याचा लिलाव जवळ आलाय? आधी या चुका टाळा

कापूस वेचून झाला, तुरी निघाल्या की आमच्याकडे लग्नं सुरू होतात आणि कपाटातली जुनी गाठोडी उघडतात. गाठोड्यातून आजीचे बंदे रुपये निघतात. तेवढ्यात कोणीतरी मोबाइलवर बातमी दाखवतं, अमेरिकेत २० डॉलरचं नाणं १ कोटी ८८ लाख डॉलरला गेलं म्हणून. बातमी खरी आहे. १९३३ चं सोन्याचं ‘डबल ईगल’ जून २०२१ मध्ये न्यूयॉर्कला विकलं गेलं. अशी ४ लाख ४५ हजार ५०० नाणी पाडली होती, पण सोन्याचं चलनच बंद झालं आणि जवळजवळ सगळी वितळवली गेली. खासगी हातात कायद्याने राहिलेलं ते एकच. गावात मात्र बातमीतलं एवढंच पोचतं : जुनं नाणं, कोटी रुपये.

मी वाशीम जिल्ह्यातल्या मंगरूळपीर तालुक्यात राहतो, बरीच वर्षं नाणी जमवतो, म्हणून लोक पिशव्या घेऊन माझ्याकडे येतात. लिलावात भाव पडला अशी तक्रार घेऊन येणारे थोडे. बहुतेकांचं नुकसान लिलावाआधीच्या दोन-तीन महिन्यांत, घरीच झालेलं असतं.

घासून चकाचक करणं

शेजारगावचे एक काकाजी मागच्या उन्हाळ्यात राणीछाप रुपया घेऊन आले. “सर, चिंच आन् राखेनं घासून आणला जी, पाहा कसा लखलख करते!” मला काही बोलताच येईना. शंभर-दीडशे वर्षांत चांदीवर करडी-निळसर झाक चढते, तांब्यावर तपकिरी थर बसतो. त्या थराखालीच टाकसाळीतला मूळ पृष्ठभाग सुरक्षित राहतो. चिंच, लिंबू-मीठ, टूथपेस्ट, राख यांनी थर जातो आणि सोबत पृष्ठभागही खरवडला जातो. जाणकार भिंग लावतो तेव्हा एकाच दिशेच्या बारीक रेघा त्याला लगेच दिसतात. नाण्यांची प्रत ठरवणाऱ्या संस्था १ ते ७० च्या मापात गुण देतात. घासलेल्या नाण्याला त्या गुणच देत नाहीत, नुसता ‘डिटेल्स’ असा शेरा मारतात, आणि तो शेरा पडला की चांगला गिऱ्हाईक मागे सरतो.

घासून झालंच असेल तर? मग पुन्हा हात लावू नका. गंधकाची धुरी देऊन किंवा उकडलेल्या अंड्यासोबत डब्यात ठेवून खोटी काळसर झाक आणणारे लोक आहेत, तीही पकडली जाते. लिलाववाल्याला सरळ सांगा की नाणं धुतलेलं आहे. काकाजींनी तसंच केलं.

माझी चूक वेगळी होती. सुरुवातीला मी जत्रेतल्या स्वस्त, मऊ प्लास्टिकच्या अल्बममध्ये नाणी ठेवली. दोन पावसाळे गेले आणि तांब्याच्या नाण्यांवर हिरवट चिकट थर आला. त्या पीव्हीसी प्लास्टिकचंच ते काम. आता मी साध्या कागदी पाकिटात किंवा पीव्हीसी नसलेल्या होल्डरमध्ये ठेवतो, आणि नाणं कडेलाच धरतो.

‘जुनं म्हणजे दुर्मिळ’

ही चूक सगळ्यात जास्त, आणि समजावून सांगायला सगळ्यात अवघड.

राणी व्हिक्टोरियाच्या रुपयावर १८६२ साल दिसलं की माणसाचे डोळे चमकतात. पण १८६२ हे साल टाकसाळींनी १८७४ पर्यंत तसंच ठेवलं होतं, त्यामुळे त्या सालाचे रुपये अमाप आहेत. नाण्यावरच्या बारीक ठिपक्यांच्या फरकाने त्यातले काही प्रकार कमी मिळतात, बाकीचे चांदीच्या भावाच्या आसपासच. शिवराई या तांब्याच्या नाण्याचंही तसंच. शिवकाळापासून इंग्रजी अमलाच्या सुरुवातीपर्यंत ती पाडली गेली, म्हणून घरोघरी देवात सापडते. उलट पंचम जॉर्जचा १९११ चा रुपया पाहा. राजाच्या झग्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि बरीचशी नाणी परत घेऊन वितळवली. त्याला ‘डुक्कर रुपया’च म्हणतात. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया तर आपल्या आजोबांच्या काळातला, पण तो फारच थोडा निघाला, म्हणून लिलावात त्याची वाट पाहिली जाते.

अर्थात वाट पाहिली जाते म्हणूनच त्याची नक्कलही होते. साल पाहून हुरळू नका, शेवटचा आकडा बदललेली नाणीही फिरतात. सोनाराच्या काट्यावर ठेवून पाहा : जुना चांदीचा रुपया एक तोळ्याचा, ११.६६ ग्रॅम. झिजला असेल तर थोडा कमी भरेल, पण ९ किंवा १३ ग्रॅम भरला तर काहीतरी गडबड आहे. लोहचुंबकाला चिकटला तर विषयच संपला. कडेवर ओतकामाची शिवण दिसली तरी तेच. आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाचं, १८१८ सालाचं, रामदरबार किंवा मारुतीचं चित्र असलेलं जे ‘नाणं’ दर आठवड्याला कोणीतरी दाखवतं, ते कंपनीने कधी पाडलंच नाही. देवघरात ठेवा, लिलावात नको.

आजीच्या गळ्यातल्या माळेतले रुपये असतील तर कडी झाळल्याचा डाग किंवा भोक पाहा. असा डाग लागला की संग्राहकाच्या लेखी ते नाणं गेलं. कडी काढायला सोनाराकडे नेऊन आणखी खराब करू नका. माळ म्हणून ती जास्त देखणी आहे.

वावरात सापडलेलं लपवणं

नांगरताना मडकं लागलं तर रात्रीतून वाटणी करायची, ही जुनी खोड. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत सापडलेला, १० रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा लागतो. न कळवणं हा गुन्हा आहे. कळवला आणि कोणी मालक निघाला नाही तर सापडणाऱ्याला त्यात हक्क असतो, हे मात्र कोणी सांगत नाही. शिवाय शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. परदेशात पाठवायला खासगी माणसाला बंदी, आणि १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने त्याच्या धंद्याला परवाना लागतो. परदेशी ‘खरेदीदार’ कुरिअरने मागवत असेल तर तिथेच थांबा.

आमच्याच तालुक्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ मध्ये सातवाहनांच्या नाण्यांचा मोठा साठा मिळाला. इतिहास-संशोधक वा. वि. मिराशींनी तो अभ्यासला. त्यात कुंभ, कर्ण, शक अशा सातकर्णी राजांची नावं आली, जी पुराणांतल्या राजांच्या यादीत नाहीत. साठा फुटून दहा घरांत गेला असता तर ती नावं कोणाला सापडली असती?

‘आधी फी भरा’

वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं, ट्रॅक्टरची पाचची नोट, ७८६ ची नोट, यांना लाखो रुपये देतो म्हणणारा फोन आला की लक्षात ठेवा, पैसे देणारा आधी पैसे मागत नाही. नोंदणी, जीएसटी, रिझर्व्ह बँकेचं प्रमाणपत्र, कारणं कितीही सांगतील. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने स्वतः सांगितलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात ती पडत नाही आणि त्यासाठी फी-कमिशन घेत नाही. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन टाकावा लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन लावा. तांदूळ ओढणारं चमत्कारी नाणं आहे असं सांगणारे ठग, म्हणजे ‘राइस पुलर’वाले आले तर चहाही पाजू नका.

कागद न करता नाणं देणं

खऱ्या लिलावात कमिशन विक्रीच्या रकमेतून कापतात. आधी दोन्ही बाजूंचे आणि कडेचे फोटो पाठवा : दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न लावता. होकार आला तर नाणं प्रत्यक्ष नेऊन द्या किंवा विमा उतरवून पोस्टाने पाठवा, आणि वजनासह पावती घ्या. करारात चार गोष्टी बघा : कमिशन किती, राखीव किंमत (जिच्याखाली नाणं विकायचं नाही ती) किती, पैसे किती दिवसांत, न विकल्यास परतीचा खर्च कोणाचा. हातोडा पडला ती (शेवटच्या बोलीची) रक्कम घेणाऱ्याला वेगळी पडते (वर कमिशन आणि कर) आणि तुमच्या हाती वेगळी येते (कमिशन वजा). कॅटलॉगमधला अंदाज पाहून ट्रॅक्टरचा हप्ता ठरवणारा एक जण मला माहीत आहे. राखीव किंमतच एवढी चढवली होती की बोली लागलीच नाही.

बोली लागली नाही म्हणून घाबरू नका. नाणं परत येतं. राखीव किंमत उतरवून पुढच्या लिलावात टाकता येतं, फक्त मधल्या काळात पुन्हा घासू नका. काकाजींचा रुपया सध्या तसाच परत येऊन कागदी पाकिटात पडलाय. परवा त्यांनी विचारलं, “सर, थोडं खोबरेल तेल लावू का?”