टेकऑफच्या वेळी विंडो शेड खाली ठेवताय? या चुका टाळा

विमान धावपट्टीकडे निघालं की केबिन क्रू प्रत्येक रांगेपाशी थांबून सांगतात: शेड (खिडकीवरचं सरकतं झाकण) वर करा, सीट सरळ करा, ट्रे बंद करा. सीट आणि ट्रेचं कारण लगेच पटतं, कारण त्यांची अडचण डोळ्यांना दिसते. शेडचं तसं होत नाही. ऊन लागतंय किंवा झोप आलीय म्हणून ती अर्धवटच वर जाते, आणि क्रूची पाठ वळली की पुन्हा खाली येते. सगळ्यात जास्त होणारी चूक हीच, आणि माझ्या मते सगळ्यात गंभीरही.

आग लागली तर दार उघडण्याआधी क्रूला बाहेरची परिस्थिती बघावीच लागते. आगीच्या बाजूचं दार उघडलं तर धूर आणि ज्वाळा थेट आत येतात. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरताना जपान एअरलाइन्सचं विमान तटरक्षक दलाच्या विमानावर आदळून पेटलं. तटरक्षक दलाच्या विमानातल्या सहापैकी पाच जणांचा मृत्यू झाला. प्रवासी विमानातले सर्व ३७९ जण मात्र बाहेर पडले, तेही आठपैकी तीनच दारांतून. बाकीची दारं वापरण्यासारखी नव्हती. कुठलं दार उघडायचं हे ठरवताना बाहेर काय चाललंय ते दिसणं किती मोलाचं असतं, ते इथे कळतं. बाहेरून मदतीला आलेल्या अग्निशमन दलालाही उघड्या खिडकीतूनच आत डोकावता येतं.

दुसरं कारण डोळ्यांचं. अंधाराला डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं लागू शकतात, म्हणूनच रात्री टेकऑफच्या आधी केबिनमधले दिवे मंद करतात. तेव्हा मोबाईलचा ब्राइटनेस पूर्ण ठेवून बसलात तर त्या मंद दिव्यांचा तुम्हाला काहीच उपयोग नाही. दिवसा उलट होतं: बंद शेडमागच्या अंधारातून एकदम उन्हात आलात की क्षणभर डोळे दिपतात. मोठ्या प्रवासी विमानाला मान्यता मिळवताना निम्मीच दारं वापरून सगळ्यांना ९० सेकंदांत बाहेर काढून दाखवावं लागतं. एवढ्याशा वेळात डोळे दिपून थांबणं परवडत नाही.

'पायलटला माहीत असेलच' असं समजून गप्प बसू नका. ८ जानेवारी १९८९ रोजी ब्रिटिश मिडलंडच्या बोइंग ७३७ चं डावं इंजिन बिघडलं आणि पायलटांनी चुकून उजवं बंद केलं. कॅप्टननी तशी घोषणाही केली. मागे बसलेल्या काही प्रवाशांनी डाव्या इंजिनातून ज्वाळा निघताना पाहिल्या होत्या, पण ही गोष्ट कॉकपिटपर्यंत पोहोचलीच नाही. इंग्लंडमधल्या केगवर्थजवळ विमान कोसळलं आणि ४७ जणांचा जीव गेला. म्हणून आग, धूर किंवा गळणारं इंधन दिसलं तर लगेच क्रूला सांगा. सांगताना विमानाच्या नाकाकडे तोंड करून डावी-उजवी बाजू धरा आणि पंखाच्या पुढे की मागे तेही सांगा.

पंखाचं टोक वर-खाली हलणं, पंखामागचे फ्लॅप सरकणं, दमट हवेत पंखावर धुक्यासारखा पट्टा दिसणं, हे सगळं नेहमीचं. तरी शंका आली तर विचारायला लाजू नका.

शेड वर ठेवण्याचा नियम प्रत्येक देशात कायदा म्हणून नाही, बऱ्याच ठिकाणी तो विमान कंपनीचा असतो. काही लष्करी विमानतळांवर तर सुरक्षेसाठी शेड खाली ठेवायला सांगतात. त्या-त्या वेळी क्रू सांगतील तेच करायचं.

आता नेहमीच्या अडचणी. इमर्जन्सी एक्झिटच्या खिडकीची शेड काही विमानांत उलट्या दिशेने सरकते, त्यामुळे वर ओढून हलली नाही तर खाली ढकलून बघा. बोइंग ७८७ ला शेडच नसते, खिडकीखालच्या बटणाने काच गडद किंवा फिकट होते. तिला वेळ लागतो, म्हणून सूचना येताच बटण दाबा. खिडकीजवळचा प्रवासी झोपला असेल तर त्याच्या अंगावरून हात नेऊ नका, क्रू त्याला उठवतील. शेड अडकली असेल तर जोर लावू नका, बोर्डिंग चालू असतानाच सांगा. विमान धावपट्टीवर पोहोचेपर्यंत क्रू स्वतःच्या सीटवर बेल्ट लावून बसलेले असतात, मग त्यांना उठून येता येत नाही.