मे महिन्यातल्या दहा गोणी: किनाऱ्यावरच्या घरातला कचरा घरीच कसा जिरवावा

आमच्या लहानपणी घरातला कचरा तीन वाटांनी जायचा. जळणारं न्हाणीतल्या बंबाखाली, कुजणारं माडाच्या आळ्यात आणि उरलेलं मागच्या व्हाळात, म्हणजे ओढ्यात. तेव्हा उरलेलं म्हणजे फार तर एखादी फुटकी कपबशी. आता उरलेलंच जास्त झालं, पण वाटा त्याच राहिल्या. दुधाची पिशवी बंबाखाली जाते, वेफर्सचं पाकीट व्हाळात. जूनचा पहिला मोठा पाऊस व्हाळ धुऊन काढतो आणि पुढच्या उधाणाला तीच पाकिटं पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, येऊन पडतात. समुद्र कुणाचं काही ठेवून घेत नाही.

आम्ही पाच माणसं, घर मालवण तालुक्यात. खाली लिहिलेली पद्धत आम्ही चुकत-माकत बसवलेली आहे. विकतचं यंत्र लागत नाही. चिरे, गोण्या, एक दोरी आणि थोडा धीर एवढं पुरतं.

आधी बंब

प्लास्टिकच्या पिशवीनं जाळ पटकन धरतो, म्हणून ती हाताशी ठेवायची सवय घरोघरी आहे. ती मोडायची तर त्याच जागी दुसरं काहीतरी ठेवावं लागतं. बंबाशेजारी एक टोपली ठेवा. तीत सोडणाचा (नारळाच्या वरच्या सालीचा) पिंजलेला काथ्या, वाळलेल्या चुडताच्या (माडाच्या झावळीच्या) पात्या आणि दोन-चार करवंट्या टाका. काथ्यावर काडी ओढली की करवंटी पेटते आणि मग लाकूड. काजूची टरफलं मात्र नकोत. त्यांच्यातल्या तेलाचा धूर डोळ्यांना असा झोंबतो की आंघोळीआधीच आंघोळ होते.

प्लास्टिकचा धूर वाईट, हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी ऐकत नाही. पीव्हीसी जातीचं प्लास्टिक जळलं की डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं निघतात, हे सांगूनही आमच्या घरात फरक पडला नव्हता. फरक पडला तो राखेमुळे. सोडण-लाकडाच्या राखेत पोटॅश असतं, ती माडाला चालते, भांडी घासायला चालते. त्याच चुलीत पिशव्या जाळल्यात तर ती राख दोन्हीकडून गेली. सासूबाईंना हे पटलं, आणि त्या दिवसापासून बंबावर पहारा त्यांचाच आहे.

पातेरा, म्हणजे गळलेला सुका पाला, गोळा करा, तोही पावसाआधी

ओल्या कचऱ्याचं खत करा, असं सांगणारे बहुतेक जण कोकणातला जुलै विसरतात. मी पहिल्या वर्षी परसात तीन फूट खड्डा खणला आणि स्वयंपाकघरातलं सगळं त्यात टाकत गेले. जुलैत खड्डा विहिरीसारखा भरला. वर साली तरंगत होत्या, अळ्या झाल्या आणि वास थेट शेजारच्या ओटीपर्यंत गेला. शेजारीण बोलली काही नाही, फक्त त्या बाजूची खिडकी लावून घेतली. ते जास्त लागलं.

चूक दोन ठिकाणी होती. किनाऱ्यालगत पावसात पाणी जमिनीच्या अगदी वर येतं, त्यामुळे इथे खड्डा चालत नाही, जमिनीवरचा हौद हवा. दुसरं म्हणजे ओल्यात मिसळायला सुकं काहीच नव्हतं. ओल्या कचऱ्याच्या एका मापाला सुक्याची निदान दोन मापं लागतात. आमच्याकडे रोज चार-पाच लिटरची बादली भरते. पावसाच्या चार महिन्यांचा हिशोब केला तर तांदळाच्या मोठ्या गोणीत दाबून भरलेल्या पातेऱ्याच्या दहा-बारा गोण्या होतात. हा पातेरा मार्च ते मे अंगणात फुकट पडलेला असतो आणि आपण तो झाडून पेटवून देतो.

तेव्हा मृग लागायच्या आत वाढवण (खराटा) घेऊन बागेत उतरा. आंबा, काजू, फणस, बांबू, कुठलाही पाला चालतो. आंब्याचं पान चिवट असतं, गोणीत भरून वरून पायांनी तुडवलं की चुरा होतो. सुरूच्या झाडाच्या काड्या फार घेऊ नका, त्या वर्षभर तशाच राहतात. गोण्या पडवीत किंवा मांगरात (बागेतल्या खोपटात), जमिनीवर न टेकवता फळीवर ठेवा. गोणी उघडताना काठीनं हलवून घ्या, आत विंचू असू शकतो.

चिऱ्यांचा हौद

जांभ्याचे चिरे सिमेंट न लावता एकावर एक रचायचे, मध्ये बोटभर फटी ठेवायच्या. आतून तीन फूट लांब, तीन फूट रुंद आणि कमरेच्या थोडी खाली उंची. समोरचे चिरे सुटे ठेवा, खत काढताना तेवढेच उचलायचे. जागा विहिरीपासून लांब आणि पागोळ्या पडणार नाहीत अशी बघा. तळाला वीतभर सोडणं आणि चुडतांचे तुकडे घाला, त्यातून पाणी निथळतं आणि हवा शिरते. वर पत्रा घालू नका. खाऱ्या वाऱ्यानं तो दोन-तीन पावसाळ्यांत चाळण होतो. जुन्या घराची मंगलोरी कौलं कुठेतरी रचून ठेवलेली असतातच, ती दोन वाशांवर उतरती मांडा.

मग रोजचं काम पाच मिनिटांचं. बादली ओता, वर दोन बादल्या पातेरा पसरा, ओलं काही दिसता कामा नये. आठवड्यातून एकदा शेणकाला किंवा आंबट ताक शिंपडा आणि काठीनं वर-खाली करा. चार-पाच दिवसांत मधोमध हात घातला तर ऊब लागायला हवी. ओल तपासायची तर मूठभर घेऊन पिळा. दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर पातेरा वाढवा, काहीच आलं नाही तर तांदूळ धुतलेलं पाणी ओता. हौद भरला की शेजारी दुसरा सुरू करा. साधारण तीन-चार महिन्यांत पहिल्यातलं खत काळं, भुसभुशीत होतं आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो.

फणसाची चारखंडं (गरे काढून उरलेली साल) गुरांना द्या, हौदात ती फार जागा अडवतात. जास्तीची सोडणं माडाच्या बुंध्यापासून पाच-सहा फुटांवर चर खणून त्यात पुरा, खोलगट बाजू वर ठेवून. ती पाणी धरून ठेवतात आणि उन्हाळ्यात माडाला कामी येतात. करवंट्या मात्र उघड्यावर उताण्या टाकू नका, त्यात डास होतात.

माशांच्या मोड्याचं काय करायचं

इथे सगळे अडतात. माशांची पोटं, डोकी, खवलं उघड्या हौदात टाकलीत तर रात्री कुत्री चिरे पाडतात. रोजचं थोडं असेल तर माडाच्या आळ्यात दीड फूट खोल पुरा, वर माती आणि एक चिरा ठेवा. मासे धुतलेलं पाणी तसंच आळ्यात.

जास्त असेल, विशेषतः पाहुणे आल्यावर, तर गुळात मुरवा. मोड्याच्या वजनाइतका गूळ बारीक करून त्यात कालवा. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या बरणीत भरा, एक तृतीयांश जागा मोकळी ठेवा, तोंडाला फडकं बांधा आणि सावलीत ठेवा. तीन-चार आठवड्यांत तपकिरी पाक सुटतो. वास येतो, पण सडक्या मासळीचा नाही, आंबलेल्या गुळासारखा. गाळून घ्या आणि लिटरभर पाण्यात चमचाभर मिसळून भाजीवर शिंपडा. वाल आणि पडवळ याला काय धरतात! बांगड्याचा पाक तारल्यापेक्षा बरा होतो असं माझं मत आहे, नवऱ्याला ते पटत नाही. खारवलेली मासळी यात घालू नका.

तिसऱ्या म्हणजे शिंपल्यातली मासळी, त्यांच्या शिंपा कुजत नाहीत. आमच्याकडे पूर्वी शिंपा भाजूनच चुना करायचे. आपली जांभ्याची माती आम्लधर्मी असते, म्हणून शिंपा ठेचून थोड्या हौदात टाका, उरलेल्या चिखलाच्या वाटेवर.

दोरी आणि तीन गोण्या

प्लास्टिक भंगारात जात नाही याचं कारण बहुतेक वेळा घाण हे असतं. दुधाची पिशवी फोडताना कोपरा पूर्ण कापून टाकू नका, लटकता ठेवा, तो इवलासा तुकडाच व्हाळात पोचतो. पिशवी भांड्यांच्या शेवटच्या पाण्यात विसळून पडवीतल्या दोरीवर चिमट्याला लावा. पावसाळ्यात दोरी चुलीच्या वरच्या अंगाला बांधा.

वाळलं की तीन गोण्यांत वाटणी: पहिलीत दुधा-तेलाच्या पिशव्या, दुसरीत बाटल्या, डबे, फुटक्या बादल्या, तिसरीत वेफर्स-बिस्किटांची चमकणारी पाकिटं. पहिल्या दोन भंगारवाला नेतो, भाव आधी विचारून ठेवा. तिसरी तो घेत नाही, कारण त्या पाकिटात प्लास्टिकला ॲल्युमिनियमचा थर चिकटलेला असतो. ती बाटलीत ठासून भरायची फॅशन आहे. त्यानं जागा वाचते, कचरा संपत नाही. त्यापेक्षा ग्रामपंचायतीत विचारा, तालुक्याला प्लास्टिक घेणारं केंद्र असेल तर गोणी तिकडे जाऊ शकते. वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेनं कचरा डेपोच्या जागेचं लोकांनी बघायला यावं असं ठिकाण करून दाखवलं आणि प्लास्टिक रस्त्यात वापरलं, तेही घराघरांतून कचरा वेगळा होऊन आला म्हणूनच.

पिशवी घरात येऊच नये हे उत्तम. राज्यात 2018 पासून प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे, पण मासळी बाजारात काळी पिशवी अजून पुढे येतेच. मी झाकणाचा स्टीलचा डबा नेते. सुरुवातीला हसणारी मासेवाली आता रिकामे हात बघून म्हणते, "आज डबो खंय गेलो?"

जुनी नायलॉनची जाळी वेलाच्या मांडवाला चालते, पण जमिनीलगत कुंपणाला लावू नका. आमच्या जाळ्यात धामण अडकली होती. कात्रीनं एकेक फास कापून ती सोडवायला सकाळ गेली.

सेल, बल्ब, जुन्या गोळ्या, तापमापक यांसाठी झाकणाची एक बरणी वेगळी ठेवा, हौदाजवळही नेऊ नका. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून वेगळेच द्या, पुरू नका, त्यातलं प्लास्टिक मातीत तसंच राहतं.

गणपतीची तयारी

वर्षातला सगळ्यात जास्त कचरा या दिवसांत होतो. मूर्ती शाडूची सांगा, आणि मखराऐवजी आपली माटवी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची रानफळा-फुलांची आरास, बांधा. आंब्याचे टाळ, सुपारीचे घड, कांगलं, हरणं, कवंडळं यातलं काहीच विकत घ्यावं लागत नाही आणि उतरवल्यावर सगळं हौदात जातं. निर्माल्यातला दोरा, कापूस आणि चमकी काढून फुलंही तिथेच.

चाकरमानी येताना पिशव्यांतून मुंबई घेऊन येतात. परत जाताना त्यांच्या गाडीत नारळ, सोलं, पोहे भरले जातातच. आमच्याकडे दोन वर्षं त्यांच्या शेजारी सेलांची बरणी आणि चमकणाऱ्या पाकिटांची गोणीही ठेवली जाते, कारण त्यांच्या सोसायटीत ती घेणारा माणूस येतो. पहिल्या वर्षी दिरांनी कपाळाला आठ्या घातल्या. यंदा जाऊबाईंनी निघायच्या आदल्या रात्री स्वतःच विचारलं, "गोणी बांधलीस ना?"