मधुमेहाच्या रुग्णाला स्वतःची काळजी घ्यायला कसे शिकवावे

मधुमेहाच्या रुग्णाची आणि डॉक्टरांची भेट फार तर महिन्यातून एकदा होते, आणि तीही दहा-पंधरा मिनिटांची असते. उरलेल्या सगळ्या दिवसांत भाकरी किती खायची, चुकलेल्या गोळीचे काय करायचे, पायात काटा मोडला तर दवाखान्यात दाखवायचे की हळद लावून सोडून द्यायचे, हे निर्णय रुग्ण एकटाच घेत असतो. आयसीएमआर-इंडियाब या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. त्यांतील बहुसंख्यांचा आजार 'टाइप २' प्रकारचा, म्हणजे प्रौढ वयात सुरू होऊन जन्मभर सांभाळावा लागणारा असतो. परिचारिका, आशा कार्यकर्त्या, समुपदेशक आणि घरात रुग्णाच्या औषधांकडे लक्ष देणारी माणसे यांच्यासाठी हे टिपण आहे.

पहिल्या भेटीत सांगण्याआधी विचारावे. "काका, हा आजार तुम्हाला कशामुळे झाला असे वाटते? आणि यात सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते?" एवढे दोन प्रश्न विचारून शांतपणे ऐकावे. "मी तर गोड खातच नव्हतो", "गोळीची एकदा सवय लागली की सुटत नाही", "इन्शुलिन लागले म्हणजे आता संपलेच", अशी उत्तरे येतात. प्रौढ माणूस स्वतःचे काही ज्ञान घेऊनच आलेला असतो आणि त्याच्या मनातल्या समजुतीला हात न घालता दिलेली माहिती दारापर्यंतही टिकत नाही. इन्शुलिनची भीती असेल तर, शरीरात तयार होणारे इन्शुलिन वर्षानुवर्षे कमी होत जाते आणि जे कमी पडते तेच आपण बाहेरून देतो, हे त्याच दिवशी सांगावे; ती शिक्षा नाही आणि रुग्णाचा दोषही नाही, हे स्पष्ट शब्दांत सांगावे.

त्यानंतर रुग्णाकडून त्याचा कालचा दिवस ऐकावा: उठल्यापासून चहा किती वेळा, त्यात साखर किती, न्याहारी कोणती, जेवण किती वाजता, शेतात किंवा कामावर डबा कोणता. "गोड बंद करा" हा सल्ला अपुरा आहे, कारण तो तंतोतंत पाळणारा माणूसही निर्धास्तपणे पोह्यांची मोठी ताटली खातो, आणि ज्वारीची भाकरी चांगली म्हणून एका बैठकीला चार भाकऱ्या खातो. ताट दाखवूनच शिकवावे: अर्धे ताट पालेभाजी, फळभाजी आणि कोशिंबिरीचे, पाव ताट उसळ, वरण, अंडे किंवा मासळीचे आणि उरलेले पाव ताट भाकरी, पोळी किंवा भाताचे. सगळे एकाच वेळी बदलायला सांगू नये. त्या दिवसातला एकच बदल रुग्णाने स्वतः निवडावा आणि आपण तो लिहून ठेवावा.

उपवासाचा विषय वेगळा काढावा लागतो. आषाढी एकादशीला किंवा नवरात्रात "उपास करू नका" असे ठणकावून सांगितले, तर रुग्ण उपास करतोच, फक्त आपल्याला सांगत नाही. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट पदार्थ असल्याने खिचडीने साखर झपाट्याने वाढते. उलट ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्शुलिन घेऊन पोट रिकामे ठेवले, तर साखर धोकादायकरीत्या उतरते. म्हणून उपवासाच्या दिवशीचा डोस आधीच्या भेटीत डॉक्टरांकडून ठरवून घ्यायला शिकवावे. रमजानचे रोजे धरणाऱ्यांनी तर हे काही आठवडे आधीच ठरवायला हवे.

शिकवलेले पोहोचले की नाही हे पाहण्यासाठी "समजले का?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण त्यावर प्रत्येकजण मान डोलावतो. त्याऐवजी असे विचारावे: "मावशी, घरी गेल्यावर सूनबाई विचारेल की काय सांगितले, तर तिला काय सांगाल?" उत्तर चुकले तर समजावण्यात आपण कमी पडलो असे धरून, वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगावे आणि पुन्हा विचारावे. एका रुग्णाला मी "सकाळी जेवणाआधी एक गोळी" असे सांगितले होते. त्यांनी ते अक्षरशः पाळले: सहा वाजता गोळी घेऊन शेतात गेले, जेवले अकराला, आणि मधल्या वेळेत बांधावर थरथरत बसून राहिले. सांगणे त्यांच्या तोंडून एकदा वदवून घेतले असते तर ही वेळ आली नसती. तेव्हापासून मी "गोळी घेतली की ताट पुढ्यात हवे" असेच सांगते. एका भेटीत दोन, फार तर तीन गोष्टी पुरेत.

औषधांसाठी घरातल्या सगळ्या गोळ्यांची पिशवी मागवावी. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी पिशवीत असते आणि दोन्ही घेतले जाते, हे मी पुष्कळदा पाहिले आहे. वाचता न येणाऱ्यासाठी पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून द्यावेत. "रिपोर्ट चांगला आला, म्हणून गोळी थांबवली" असे म्हणणाऱ्याला, गोळीमुळेच रिपोर्ट चांगला आला आहे, हे समजावावे. शेतकऱ्याला तपासण्यांमधला फरक पावसाच्या उदाहरणाने लगेच कळतो: बोटातून थेंब काढून मोजलेली साखर म्हणजे त्या घटकेचा पाऊस आणि एचबीए१सी ही रक्ताची तपासणी म्हणजे सरत्या तीन महिन्यांच्या हंगामाची सरासरी. अनेक प्रौढांसाठी ही सरासरी ७ टक्क्यांच्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असते. वयोवृद्धांसाठी डॉक्टर ते थोडे सैल ठेवतात.

इन्शुलिनचे शिक्षण मात्र तोंडी कधीही करू नये. आपल्याकडे बाटलीतले इन्शुलिन बहुधा दर मिलिलिटरला ४० युनिट असते आणि त्यासाठी लाल टोपणाची यू-४० सिरिंज लागते; पेनच्या काडतुसात मात्र दर मिलिलिटरला १०० युनिट असतात आणि तितक्या तीव्रतेच्या बाटल्याही मिळतात, ज्यांच्यासाठी नारिंगी टोपणाची यू-१०० सिरिंज असते. १०० युनिटचे इन्शुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर अंगात २० ऐवजी ५० युनिट जातात. उलट अदलाबदल झाली, तर फक्त ८. म्हणून बाटली आणि सिरिंज शेजारी धरून दोन्हींवरचा आकडा जुळवण्याची सवय रुग्णाच्या हातालाच लावावी. दुधाळ दिसणारे इन्शुलिन तळहातांत हलके घोळवायचे, जोरात हलवायचे नाही. टोचण्याची जागा रोज बदलायची, नाहीतर तिथे गाठी होतात आणि औषध नीट शोषले जात नाही. घरात फ्रिज नसेल, तर डब्यात ठेवलेली बाटली ओलसर माठात, सावलीत ठेवता येते. बर्फाच्या कप्प्यात ती कधीही ठेवू नये. हे सगळे रुग्णाने आपल्यासमोर करून दाखवल्याशिवाय त्याला घरी पाठवू नये.

साखर उतरल्याची लक्षणे रुग्णाइतकीच घरच्यांनाही शिकवावीत: घाम, थरथर, धडधड, अचानक लागलेली भूक, असंबद्ध बोलणे. साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल किंवा मोजायची सोयच नसेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच प्यावी, पंधरा मिनिटे थांबावे, बरे वाटले नाही तर तेवढीच पुन्हा घ्यावी आणि मग जेवावे. शुगर-फ्रीची गोळी इथे कामाची नाही. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात काहीही न ओतता त्याला थेट दवाखान्यात न्यावे.

पायांची संवेदना गेली की काटा टोचला तरी कळत नाही, म्हणून रोज रात्री पाय धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून पाहायला शिकवावे: चिखल्या, भेगा, फोड, कुरूप. ज्यांना वाकता येत नाही त्यांनी आरसा वापरावा किंवा नातवंडांना पाहायला सांगावे. कुरूप ब्लेडने कापू नये आणि थंडीत शेकोटीपाशी पाय शेकू नयेत. मागे पट्टा असलेली चप्पल घ्यावी, कारण बधिर पायातून साधी स्लिपर निसटलेली कळत नाही. अनवाणी वारी करणाऱ्याला श्रद्धेवरून न टोकता, आधी पाय तपासून घ्यायला आणि पादत्राणे घालूनच चालायला सांगावे.

रुग्ण अशिक्षित आहे म्हणून त्याला शिकवता येत नाही, हे मला मान्य नाही. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० साली जामखेडला काम सुरू केले आणि अक्षरओळख नसलेल्या स्त्रियांना गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. त्या स्त्रिया आजार ओळखायला आणि शेजारणींना समजावायला शिकल्या, तर आपला रुग्ण स्वतःचा एक आजार नक्कीच समजून घेऊ शकतो. जमले तर आठ-दहा रुग्णांना एकत्र बसवावे. साखर आटोक्यात ठेवलेल्या माणसाने आपला डबा उघडून दाखवला, तर आपल्या तासाभराच्या बोलण्यापेक्षा तो अधिक पटतो.

पुढच्या भेटीत "पथ्य पाळले का?" असे विचारू नये, त्याने रुग्ण खोटे बोलायला शिकतो. "काय जमले आणि कुठे अडले?" असे विचारावे आणि अडलेल्या ठिकाणापासूनच पुढे शिकवावे. डोळ्यांचा पडदा, लघवीतील प्रथिने आणि पायांची संवेदना यांची वर्षातून एकदा तपासणी करून घेण्याची आठवण द्यावी. पायाची जखम, थांबत नसलेल्या उलट्या, छातीत दुखणे किंवा अचानक अंधुक दिसणे, यांपैकी काहीही झाले तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी यायचे, हे प्रत्येक भेटीत रुग्णाच्या तोंडून वदवून घ्यावे. त्याने निवडलेला बदल केसपेपरवर ठळक अक्षरांत लिहावा, म्हणजे पुढच्या वेळी खुर्चीवर दुसरे कोणी असले तरी बोलणे तिथूनच सुरू होईल.