सोसायटीचे कागद गूगल ड्राइव्हवर कसे ठेवावेत

आमच्या सोसायटीचे खजिनदार फ्लॅट विकून गेले, तेव्हा तीन वर्षांचा मेंटेनन्सचा हिशेब त्यांच्या खासगी जीमेलच्या ड्राइव्हवर होता. माणूस सज्जन, मागितल्यावर त्यांनी सगळं दिलं. पण विसरलेला पासवर्ड आणि बदललेला मोबाइल नंबर यात दीड महिना गेला, तोही सप्टेंबर तोंडावर आलेला असताना. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते. कमिटीवर काम केलेल्यांना ती धावपळ सांगायला नको.

म्हणून पहिलं काम: सोसायटीच्या नावाने वेगळं जीमेल खातं उघडा. रिकव्हरी नंबर सचिवांचा द्या, रिकव्हरी ईमेल अध्यक्षांचा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर फोनवर होणारी दुसरी खातरजमा) सुरू करा आणि तिथे मिळणारे १० बॅकअप कोड छापून, पाकीट बंद करून सोसायटीच्या कपाटात ठेवा. सचिवांचा फोन हरवला तरी त्यातल्या एका कोडवर खातं उघडतं. एक कोड एकदाच चालतो, तेव्हा वापरलेला लगेच खोडा.

या खात्यावर १५ जीबी जागा फुकट मिळते, पण ती मेल आणि फोटोंसकट. बिलांचे फोटो तसेच न टाकता ड्राइव्ह अ‍ॅपमधल्या कॅमेऱ्याच्या बटणाने स्कॅन करून पीडीएफ ठेवा. दर आर्थिक वर्षाचा एक फोल्डर करा, त्यात इतिवृत्त, व्हाउचर, पत्रव्यवहार असे पोटफोल्डर.

आता जिथे बहुतेक जण फसतात तो मुद्दा. फोल्डर सोसायटीचा असला, तरी त्यात खजिनदारांनी स्वतःच्या खात्यातून गूगल शीट (हिशेबाचा तक्ता) बनवली किंवा फाइल चढवली, तर तिची मालकी खजिनदारांचीच राहते. त्यामुळे नवी फाइल नेहमी सोसायटीच्या खात्यातून लॉगिन करूनच तयार करा, मग इतरांना शेअर करा. आधीच्या फाइली असतील तर यादीतला 'ओनर' कॉलम एकदा बघून घ्या. फाइलच्या मालकाला शेअरच्या खिडकीतून मालकी बदलायची विनंती पाठवता येते. सोसायटीच्या खात्यावर ती विनंती स्वीकारली की काम झालं.

शेअर करताना खजिनदार आणि सचिव एवढेच 'एडिटर' (बदल करू शकणारे), बाकी कमिटी 'कमेंटर' (फक्त शेरा लिहू शकणारे). लिंक 'रिस्ट्रिक्टेड'च ठेवा, म्हणजे ज्यांना शेअर केलं त्यांनाच उघडेल. सभासदांचे फोन नंबर आणि थकबाकी असलेली शीट 'लिंक असेल त्या कुणालाही' उघडी करून ग्रुपवर टाकणं मला अजिबात पटत नाही. शेजाऱ्याची थकबाकी ही गावभर करायची गोष्ट नव्हे.

मेंटेनन्सच्या शीटमध्ये फ्लॅट नंबर, महिना, रक्कम, पावती क्रमांक आणि तारीख एवढे कॉलम पुरतात. बेरजेच्या ओळीवर 'डेटा' मेनूतून 'प्रोटेक्ट शीट्स अँड रेंजेस' लावा, म्हणजे घाईत कुणाच्या हातून सूत्र पुसलं जाणार नाही. बी-३०२ समोर काल ३,००० होते आणि आज २,५०० दिसतात? कॉम्प्युटरवर त्या चौकोनावर राइट क्लिक करून 'शो एडिट हिस्ट्री' बघा. कुणी, केव्हा, काय बदललं ते समोर येतं आणि कमिटीतली अर्धी भांडणं तिथेच मिटतात.

शंका असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर न विचारता त्याच चौकोनावर कमेंट टाका. @ लावून खजिनदारांचा ईमेल लिहिला की त्यांना मेल जातो आणि उत्तर आकड्यालाच चिकटून राहतं. ऑडिटच्या वेळी हे धागे फार कामाला येतात.

कमिटी बदलली की त्याच आठवड्यात पासवर्ड, रिकव्हरी नंबर आणि ईमेल बदला, जुन्या फोनवरून खातं साइन आउट करा, जुन्यांचा एडिटर हक्क काढा आणि बॅकअप कोड नवे घ्या. नवे घेतले की जुने आपोआप रद्द होतात. कपाटातलं पाकीट बदला आणि खातं कुणाकडे सोपवलं, ते पहिल्या बैठकीच्या इतिवृत्तात नावानिशी लिहा.