ऑक्टोबरमध्ये भरवलेली डुकरीण: पाचव्या ते २८व्या दिवसांत तिला हलवू नका

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात भरवलेली, म्हणजे नराला दाखवून फळवलेली, डुकरीण तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवसांनी, म्हणजे ११४ दिवसांनी, जानेवारीच्या शेवटी विते. मुरबाड-शहापूर पट्ट्यात पिल्लांना पावसाळ्यापेक्षा ही कोरडी हवा कधीही बरी. तेव्हा ऑक्टोबरमध्ये मादी भरवायचा बेत चांगलाच. घोळ होतो तो पुढे. मादी भरली म्हणजे गाभण राहिली असे धरून आपण तिच्याकडे पाठ फिरवतो.

माज ओसरला की अंडाशयावर पीतपिंड तयार होतात आणि त्यांतून प्रोजेस्टेरॉन हे गर्भ टिकवणारे हार्मोन सुटू लागते. त्याने गर्भाशयाचे अस्तर जाड, रसरशीत होते. अस्तरातून पाझरणाऱ्या या रसावरच गर्भ पहिले दोन आठवडे जगतात, कारण तोवर ते कुठेही चिकटलेले नसतात. गर्भाशयाच्या दोन्ही शिंगांत, म्हणजे लांबट फाट्यांत, इकडून तिकडे सरकत जागा वाटून घेत असतात. मादी गाभण नसेल तर पंधराव्या दिवसाच्या सुमारास हेच अस्तर प्रोस्टाग्लँडिन रक्तात सोडते, पीतपिंड विरतात आणि २१ दिवसांच्या आसपास मादी उलटते, म्हणजे पुन्हा माजावर येते. गर्भ असतील तर ते ११व्या-१२व्या दिवशी इस्ट्रोजेन हे हार्मोन सोडतात. त्याने प्रोस्टाग्लँडिन बनायचे थांबत नाही, त्याची वाट बदलते. ते रक्तात न जाता गर्भाशयाच्या पोकळीत उतरते आणि पीतपिंड वाचतात. या वेळी निदान चार गर्भ हवेत, साधारण प्रत्येक शिंगात दोन. कमी असले तर मादी बहुधा उलटतेच. गाईचे एका वासरावर भागते, डुकरिणीचे नाही.

मक्यावरची बुरशी आडवी येते ती इथेच. ओल लागलेल्या मक्यावरची फ्युजेरियम बुरशी झिअरालेनॉन नावाचे विष तयार करते, आणि डुकरिणीच्या शरीराला ते इस्ट्रोजेनच वाटते. गर्भांनी द्यायचा निरोप त्यांच्याआधीच पोचतो. सातव्या ते दहाव्या दिवसांत असे विष जास्त गेले तर अस्तर अवेळी बदलते आणि आख्खे वेत आतल्या आत जिरू शकते. बाहेर काहीही दिसत नाही. म्हणून कुबट वासाचा, गुठळ्या झालेला मका चांगल्या भरडीत मिसळून संपवू नका. साध्या बेंटोनाइट मातीच्या भरवशावरही राहू नका, हे विष तिला नीट धरता येत नाही. ठाणे-नवी मुंबईच्या हॉटेलांतले उरलेले अन्न देणाऱ्यांनी आफ्रिकन स्वाइन फिव्हर टाळण्यासाठी ते उकळायचे असतेच, पण बुरशीचे विष उकळून जात नाही. हळव्या भाताचा नवा पेंढा खाली अंथरण्याआधी खडखडीत वाळवा. कोवळ्या माद्यांचे निरण (योनीचे बाहेरचे अंग) कारण नसताना लाल होऊन सुजले तर आधी मक्याचे पोते उघडून बघा.

मादी हलवायचीच असेल तर भरवल्यावर पहिल्या तीन-चार दिवसांत हलवा, नाहीतर २८ दिवसांनंतर. मधल्या काळात कळप बदलला की मारामाऱ्या होतात आणि त्याच दिवसांत गर्भ अस्तराला चिकटत असतात. ऑक्टोबरचा उष्माही याच महिन्यात भोवतो. डुकराला घाम जवळजवळ येत नाही, आणि आपल्याकडच्या दमट हवेत नुसते पाणी मारून फारसे साधत नाही. दुपारी अंग भिजवा आणि वर पंखा लावा. खाद्य सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर द्या.

पहिलारू मादीला भरवल्यानंतरचे तीन दिवस खुराक वाढवू नका. जास्त खाल्ले की यकृत प्रोजेस्टेरॉन भराभर मोडून टाकते. पिल्ले पाजून वाळलेल्या डुकरिणीला मात्र हा नियम लावून उपाशी ठेवू नका. गर्भ टिकावा म्हणून हार्मोनचे इंजेक्शन मनाने तर मुळीच नको. नवव्या-दहाव्या दिवशी टोचलेले इस्ट्रोजेन गर्भ राखत नाही, मारते.

भरवल्याची तारीख भिंतीवर खडूने लिहा. १८ ते २४ दिवसांत रोज सकाळी नर समोर आणून माज तपासा. २८ दिवसांनी पशुवैद्यकांकडून सोनोग्राफी करता येते. २१ दिवसांच्या आसपास उलटली तर गर्भ राहिलेच नाहीत किंवा चारपेक्षा कमी होते. २५ ते ३५ दिवसांत उलटली तर गर्भ राहून गेले असण्याची शक्यता मोठी. मग भिंतीवरच्या तारखेपासून दिवस मोजा आणि दुसऱ्या आठवड्यात कोणते पोते फोडले होते ते आठवून बघा.