शिक्षक टिकावेत म्हणून सोयी-सवलती कशा ठरवाव्यात

शिक्षकांच्या मुलाखती घेण्याचं काम माझ्याकडे आल्यापासून मी पाहते आहे, चांगला उमेदवार पगाराचा आकडा ऐकून घेतो आणि मग हळूच विचारतो, "आजारी पडलो तर? सुट्टीतला पगार मिळतो का?" याची लेखी उत्तरं तयार नसतील तर जाहिरात देण्याची घाई करू नका.

आधी सोडून गेलेल्यांची यादी काढा. कोण, नोकरीच्या कितव्या वर्षी, घरी काय चाललेलं असताना गेलं? बरीच नावं पहिल्या पाच वर्षांतली निघतील. मग शाळेचा सवलतींवरचा खर्च बघा. पेन्शनचा पैसा निवृत्तीच्या टोकाला साठलेला असतो. पन्नाशीतल्या शिक्षकाला तो धरून ठेवतो, पण पंचविशीतल्या मुलीला चिंता या महिन्याच्या घरभाड्याची असते. पेन्शनला हात लावू नका. नवा पैसा मात्र सुरुवातीच्या वर्षांकडे वळवा. पहिल्या दिवसापासून आरोग्य विमा द्या. शाळा आडबाजूला असेल तर राहायची सोय करा. बाळंतपणाची भरपगारी रजा द्या आणि परतल्यावर तोच वर्ग मिळेल हे लिहून द्या.

शिक्षकांच्या लहान मुलांसाठी पाळणाघर हवंच. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनेस्को यांच्या १९६६ च्या शिक्षकांविषयीच्या शिफारशीतही पाळणाघराचा आणि दुर्गम भागातल्या घरांचा उल्लेख आहे.

सर्वांत जास्त फसवणूक रजेत होते. कागदावर रजा भरपूर, पण बदली शिक्षक नाही. मग एकीने रजा घेतली की तिचे तास सहकाऱ्यांच्या माथी येतात, त्यांचे मोकळे तास जातात, वह्या तपासायच्या राहतात. त्यांचे चेहरे आठवून ती तापातही शाळेत येते. माझ्या मते अशी रजा दिलेलीच नसते. म्हणून रजेचे दिवस वाढवण्याआधी बदली शिक्षकांच्या मानधनाची तरतूद करा आणि बोलावल्यावर येतील अशा दोन-तीन जणांची नावं आधीच ठरवून ठेवा.

युनेस्कोच्या अंदाजाप्रमाणे २०३० पर्यंत जगाला आणखी ४.४ कोटी शिक्षक लागणार आहेत. हाताशी असलेला शिक्षक जाऊ देणं कुणालाच परवडणार नाही.

सगळं ठरलं की नेमणूकपत्रासोबत एक साधं पान जोडा: कोणती सवलत कधीपासून, अर्ज कुणाकडे, उत्तर किती दिवसांत. दरवर्षी सत्र संपताना हे पान शिक्षकांसमोर ठेवून विचारा, यातलं प्रत्यक्षात काय मिळालं नाही.