बकऱ्याच्या भिंगावर पेरॉक्साइडचा प्रयोग लावताना

माझ्या आजीला डॉक्टर म्हणायचे, "मोतीबिंदू अजून पिकला नाही, पिकला की काढू." पिकतो म्हणजे आत काय होतं, ते मला कळलं फार्मसी कॉलेजच्या प्रयोगशाळेत. बकऱ्याच्या डोळ्यातलं भिंग हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवून त्यात मोतीबिंदू घडवायचा, हा प्रयोग गेली १२ वर्षं मी मुलांकडून करून घेते.

डोळे सकाळीच आणा. आमचे मटणवाले चाचा आदल्या दिवशी सांगितलं तर बाजूला काढून ठेवतात. डबा गार असावा, पण डोळे थेट बर्फात पुरू नका. कोवळ्या बकऱ्याचं भिंग गारठलं की पांढुरकं होतं आणि ऊब मिळाली की निवळतं. पहिल्या वर्षी मी अशी सहा भिंगं खराब समजून टाकली. अजून हळहळ वाटते. शिवाय थंडीत पेशीतलं सोडियम बाहेर टाकून पोटॅशियम आत घेणारा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि आत सोडियम साचू लागतो.

भिंग मागच्या बाजूने काढा. बुबुळाकडून शिरलात तर ब्लेडचं टोक भिंगाच्या वेष्टणाला लागतंच. भिंगाला धरून ठेवणारे तंतू बारीक कात्रीने कापा, चिमट्याने ओढू नका. ह्या वेष्टणाखाली, पुढच्या बाजूला, पेशींचा एकच थर असतो आणि पंपाचं बरंचसं काम तोच करतो. भिंगाला रक्तवाहिनी नाही. आतल्या जुन्या तंतूंना केंद्रकही उरलेलं नसतं. त्यांचा सांभाळ हा थर आणि पेशी-पेशींना जोडणाऱ्या कनेक्सिन प्रथिनाच्या वाहिन्या करतात. थर खरवडला की पेरॉक्साइड न घालताच भिंग गढूळ होतं.

भिंगं ज्यात ठेवायची त्या कृत्रिम नेत्रद्रवात सोडियम क्लोराइड १४० मिलीमोलर, पोटॅशियम क्लोराइड ५ आणि ग्लुकोज ५.५ असतं, बाकीचे क्षार थोडे, पीएच ७.८. भिंगं ३७ अंशांवर दोन तास नुसती ठेवा. तेवढ्यात जी ढगाळतील ती बाद करा. उरलेल्यांपैकी निम्म्यांना पेरॉक्साइड ०.५ मिलीमोलर द्या. १०० मिलीलीटर द्रवाला ३० टक्क्यांच्या बाटलीतले ५ मायक्रोलीटर पुरतात. भिंग पेरॉक्साइड फोडत राहतं, म्हणून द्रव रोज ताजा करायचा.

पेरॉक्साइड प्रथिनांवरचे थायॉल (गंधकाचे) गट जाळतं आणि त्यात पंपही सापडतो. पंप थकला की पोटॅशियम बाहेर झिरपतं, सोडियम आत येतं, त्याच्यामागे पाणी येतं आणि भिंग फुगतं. कॅल्शियमही शिरतं. मग कॅल्पेन नावाचं विकर जागं होऊन भिंग पारदर्शक ठेवणारी क्रिस्टलिन प्रथिनं कापू लागतं. म्हणून वजनही घ्या, नुसतं भिंग ग्राफ पेपरवर ठेवून त्यातून रेषा दिसतात का, एवढ्यावर थांबू नका.

सोडियम-पोटॅशियम मोजणाऱ्या फ्लेम फोटोमीटरला देण्याआधी भिंग फिल्टर पेपरवर हलकेच लोळवून कोरडं करा. बाहेरच्या द्रवाचा एक थेंब राहिला तरी सोडियमचा आकडा फुगतो. मुलांची सगळ्यात जास्त चूक इथेच होते.

पेरॉक्साइडपासून भिंगाला वाचवणारं ग्लुटाथायोन, थायॉल मोजणाऱ्या एलमनच्या अभिक्रियेने ४१२ नॅनोमीटरवर मोजा. भिंग स्वच्छ दिसत असतानाच ते घसरायला लागतं. म्हणून काही भिंगं चौथ्या तासालाच काढून घ्या, प्रयोग संपायच्या ७२ तासांची वाट पाहू नका.